मेश्राम मॅडम आणि माझी मुकी गाडी

नाचणगावच्या मेश्राम मॅडम. नाव आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी सांगायला बसलो की गोष्ट गाडीपासून सुरू होते, मग माझ्या घाबरटपणात शिरते, आणि ज्यांच्यामुळे मी आज इथे टिकून आहे त्या बाई शेवटी कुठेतरी कोपऱ्यात उभ्या राहतात. त्यांना ते चालेल. मला चालत नाही.

मी मूळचा चिपळूणकडचा. शाळा नववीत सुटली. गाडी बरी चालवता येते, एवढ्या जोरावर गावातल्या एका ओळखीच्या माणसामागे वर्ध्याला आलो आणि एका धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्याच्या गाडीवर लागलो. राहायला सावंगीत एक खोली. काम सोपं. ज्या गावात शिबिर असेल त्या गावात आदल्या दिवशी गाडी फिरवायची, वरच्या दोन भोंग्यांवरून आवाज द्यायचा: उद्या शाळेत मोफत डोळे तपासणी, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशनची सोय, येताना चष्मा असेल तर आणा. आवाज माझा नव्हता. दवाखान्यातल्या एका सिस्टरने तो भरून दिला होता, पेन ड्राइव्हमध्ये. मी फक्त गाडी हळू चालवायची.

अजून कायम झालो नव्हतो. कोणी नुसतं मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, संपलं, आता बॅग भरायची. घरी आईला फोनवर सांगायचो, सगळं ठीक आहे. ती म्हणायची, "तुझा आवाज ठीक वाटत नाही." माणसं आवाजावरून ओळखतात.

त्या दिवशी नाचणगावात वेशीपासून आवाज देत आलो. चौकात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. डिझेल वाचवायला तसं सांगितलेलंच होतं. घोषणा चालूच ठेवली. थोड्या वेळाने चावी फिरवली आणि पुढे मागच्या मोहल्ल्यात शिरलो. तिथे बौद्धांची वस्ती आहे. चार घरं गेलो नाही तोच एक उंच पोरगा गाडीसमोर आडवा उभा राहिला. मागून आणखी काही जण आले.

"काऊन बे, आमच्या मोहल्ल्यात आला का तोंड बंद होते तुह्या गाडीचं?"

मला काहीच कळेना. माझ्या कानाशी तर सिस्टरचा आवाज चालू होता. मी म्हटलं, "भाऊ, वाजतंय की."

त्या पोराने, म्हणजे प्रफुलने, खिडकीतून डोकं आत घातलं. आत घोषणा खणखणीत चालू होती. बाहेर भोंगे गप्प. त्याने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आत वाजून राह्यलं! हा एकटाच आयकून राह्यला! याचेच डोये तपासाचे हायेत वाटते!"

लोक हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. प्रफुल पुन्हा माझ्याकडे वळला. "वेशीवर वाजवतं, चौकात वाजवतं, अन् आमच्याकडं मुका. आमचे डोये डोये नाई का? मागच्या शिबिराले बी असंच केलतं. म्या कंप्लेंट टाकली हाय तुह्या दवाखान्यात."

या आरोपाचं वजन मला लगेच कळलं. कामचुकार म्हणाले असते तर पाया पडून सुटलो असतो. हे तसं नव्हतं. मी कोणालातरी मुद्दाम वगळतो, असं ते म्हणत होते. त्यावर नोकरी तर जातेच, आणि जी माणसं तसं समजतात त्यांच्या मनातून आपण कायमचे उतरतो. आणि माझ्याजवळ सांगायला काय होतं? मी केलं नाही, एवढंच. ते तर करणाराही म्हणतो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब रे प्रफुल. बोलू नको थोडा."

बुटक्याशा बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, पिकलेल्या केसांचा छोटा अंबाडा, आणि त्या अंबाड्यात फुलाच्या जागी खोचलेला टेस्टर. मला वाटलं, घाईत विसरला असेल. नंतर कळलं, तो तिथेच राहतो. बाई सरकारी आयटीआयमध्ये पोरांना वायरमनचं काम शिकवून निवृत्त झाल्या होत्या. वर्गात टेस्टर कुठेही ठेवला की पोरं पळवायची, म्हणून त्यांनी एवढी सुरक्षित जागा शोधली होती.

त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाल्या, "केव्हा बंद पडलं?"

"माहीत नाही मॅडम. मला तर बंद पडलंय हेच माहीत नव्हतं."

"का पडलं ते नाई विचारून राह्यली मी. काऊन हे मागून पाहू. केव्हा?"

हा त्यांचा शब्द होता. बिघडलेला पंखा, न उगवलेलं बी, रुसलेली सून, काहीही घेऊन जा, त्या आधी 'केव्हा' विचारायच्या. एकदा एक बाई रडत म्हणाली, नवरा माझ्याशी बोलतच नाही. मॅडम म्हणाल्या, "केव्हा? सकाळी का जेवल्यावर?" त्या बाईलाच हसू फुटलं.

तर त्या मला घेऊन पायी उलट निघाल्या. प्रफुल आणि बाकीचे मागे. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "भोंगा आयकू आला का?" नाही. नाही. नाही. चौकातल्या पानठेल्यावर पोचलो. पानवाला म्हणाला, "इथं त कान फोडून टाकले मॅडम यानं."

"मंग?"

"मंग यानं गाडी चालू केली, अन् शांतता झाली. बरं वाटलं."

मॅडम वळून सगळ्यांकडे बघत म्हणाल्या, "इथवर बोलून राह्यली होती गाडी. चावी फिरवली अन् मुकी झाली."

प्रफुल लगेच म्हणाला, "म्हणजे यानंच बंद केली."

"असंन. असं होत नाई असं नाई, बाबू. होते. आपन पाह्यलं हाय. म्हनून तर नीट पाहा लागते."

हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. माझी बाजू त्यांनी घेतली नव्हती. त्याचीही नाही. गाडी मात्र आपल्या अंगणात घ्यायला सांगितली.

अंगणात आधी चहा. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "उपाशी मानूस घाईनं हात लावते. पी." मग एक प्लास्टिकचा स्टूल घेऊन त्या गाडीशेजारी बसल्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. ही त्यांची दुसरी खोड. वस्तूला स्वतः हात लावायचा नाही. ज्याची आहे त्यालाच करायला लावायचं. साडीला कधी डाग दिसला नाही त्याचं कारण हेच, असं प्रफुल म्हणायचा.

मी पेन ड्राइव्ह लावलेला गाडीतला टेप बंद करून चालू केला, घोषणा लावली. भोंगे बोलायला लागले! पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आता तर मी पक्का खोटा. मग मॅडमनी घोषणा थांबवून इंजिन चालू करायला सांगितलं. केलं. पुन्हा घोषणा लावली. भोंगे ठणठणीत.

"आता असं कर. घोषणा चालू असतानाच चावी फिरव. चौकात केलं तसं."

चावी फिरवली. इंजिन घरघरलं, आणि वर सिस्टरचा आवाज 'मोतीबिं' एवढ्यावर तुटला. खाली कॅबिनमधल्या छोट्या स्पीकरवर ती 'मोतीबिंदूची तपासणी मोफत' असं म्हणत शांतपणे पुढे गेली.

"सीटखाली पाह्य."

सीटखाली, जॅक आणि फडक्यांच्या मागे, टेपचा आवाज मोठा करून भोंग्यांना देणारा ॲम्प्लिफायर होता. एरवी त्यावर हिरवा दिवा असतो. आता लाल होता.

मॅडमनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं लिहितो. इंजिन चालू करताना स्टार्टर बॅटरीची सगळी ताकद क्षणभर ओढून घेतो. त्याच क्षणी भोंगेही जोरात बोलत असले तर ॲम्प्लिफायरला वीज पुरत नाही. तो स्वतःला जपण्यासाठी बंद होतो आणि टेप बंद करून पुन्हा लावेपर्यंत तसाच राहतो. टेपला फार लागत नाही. त्याची वायर थेट बॅटरीवरून होती, म्हणून तो चालूच राहायचा आणि मला वाटायचं, सगळं वाजतंय. गावाबाहेर पडलो की मी टेप बंद करायचो. पुढच्या गावाच्या वेशीवर लावला की पुन्हा हिरवा दिवा. म्हणजे मी गेलो त्या प्रत्येक गावात चौकापर्यंतच्या लोकांनीच ऐकलं होतं. चौकाच्या पलीकडे कोण राहतं हे इथे कोणाला सांगावं लागत नाही.

मी अक्षरशः हात जोडले. "मॅडम, आत्ता दुरुस्त करून द्या. तक्रारीसाठी आत्ताच साहेबांचा फोन आला, उद्या सकाळी बोलावलंय."

"नाई."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

"आत्ता दुरुस्त केलं त उद्या तुह्याजवळ काय राहीन? नुसतं तोंड. सायेब म्हनन, गाडी त चांगली हाय. बिघाड हाय तसाच घेऊन जा. आधी दाखव, मंग दुरुस्त कर."

त्या संध्याकाळी प्रत्येक घरी जाऊन शिबिराचं सांगायचं काम मॅडमनी प्रफुललाच लावलं. "तुहा आवाज मोठा हाय, कामी येऊ दे." तो कुरकुरत गेला, पण गेला.

दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जाताना गाडीत तिघं होतो. मॅडम खिडकीशी फुटाणे खात बसलेल्या आणि मध्ये प्रफुल. त्याला त्यांनीच ओढून आणलं होतं, तक्रार त्याची म्हणून. वाटेत तो मला म्हणाला, "घाबरू नको. मॅडमची खोडच हाय ते. आमच्या शेजारी एक मिक्सर जळला. सासू म्हने, सुनेनं जाळला, माहेरी पाठवतो. मॅडमनं मिक्सर हातात बी नाई घेतला. सासूले बोलावलं, म्हने, तुमीच बटन दाबा. सासूनं दाबलं, बोर्डातून ठिणगी उडाली. भिंतीतला बोर्डच ढिला. सासू अशी उडाली ना!"

मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सून अजून घरीच हाय." आणि प्रफुलच्या हातावर फुटाणे ठेवले.

दवाखान्याच्या गेटशी त्या उतरल्या आणि बाहेरच्या कडुनिंबाखाली बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आत चला ना. तुम्ही सांगितलंत तर साहेब ऐकतील."

"म्हनूनच नाई येत. मी सांगीन त माह्यावर विश्वास ठेवतीन. तुह्यावर ठेवाले पाह्यजे. जा."

काळबांडे साहेब, आमचे शिबिराचे प्रमुख, आवारातच भेटले. मोबाइलवर प्रफुलची तक्रार उघडीच होती. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "हे एका गावाचं नाही. आणखी गावांतून तेच ऐकतोय. मला तुझ्याबद्दल असं वाटलं नव्हतं."

मी घाईघाईने म्हटलं, "साहेब, गाडीत बिघाड आहे, दाखवतो." गाडीत बसलो, चावी फिरवली. इंजिन चालू. बाकी काहीच झालं नाही. कसं होणार? आवारात भोंगा लावायला बंदी, पेशंट झोपलेले असतात. घोषणा चालू असल्याशिवाय बिघाड दिसत नाही आणि तिथे घोषणा लावता येत नाही. आमच्या मेकॅनिकला नेहमीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं ते यामुळेच. तोही आवारातच तपासायचा. हे सगळं मला तिथे, साहेबांच्या समोर, चावीवर हात ठेवून एकदम कळलं.

"काय दाखवतोयस? चालू तर आहे."

साहेबांना 'चला' म्हणायची माझी हिंमत नव्हती. पण बाहेर झाडाखाली बाई बसल्या होत्या आणि त्या आत येणार नव्हत्या. मी म्हटलं, "साहेब, जरा गेटच्या बाहेर यावं लागेल. इथे दिसत नाही ते."

साहेबांनी भुवया वर केल्या. तेव्हा माझ्या शेजारून प्रफुल म्हणाला, "चला ना सर. कंप्लेंट माहीच हाय. मले बी पाहाचं हाय."

रस्त्याच्या कडेला, दवाखान्यापासून बरंच पुढे गाडी लावली. मी घोषणा सुरू केली. भोंगे बोलू लागले. मग काय सुचलं कोणास ठाऊक, मी खाली उतरलो आणि प्रफुलला म्हटलं, "भाऊ, चावी तुम्ही फिरवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चढून बसला. चावी फिरली. आवाज तुटला. रस्ता एकदम मोकळा वाटला. साहेब गाडीला वळसा घालून खिडकीशी आले, वाकले, आणि आत सिस्टरचा आवाज ऐकत तसेच उभे राहिले. पुरी घोषणा संपेपर्यंत.

"म्हणजे," ते सरळ होत म्हणाले, "आपण अर्ध्याच गावाला सांगत होतो."

माझी चूक आहे की नाही हे ते बोललेच नाहीत. त्यांनी 'आपण' म्हटलं, मला तेवढं पुरलं. प्रफुलने गाडी बंद केली, खाली उतरला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "कंप्लेंट मागं नाई घेत मी. त्यात गाडीचं लिहितो." ते योग्यच होतं.

झाडाखाली जाऊन साहेबांनी मॅडमना नमस्कार केला आणि विचारलं, "कालच दुरुस्त का करून दिलं नाहीत?"

"केलं असतं त तुमी याले खरं मानलं असतं का?"

साहेब प्रामाणिक माणूस. थोडा विचार करून म्हणाले, "नसतं मानलं."

दुरुस्ती पुढच्या रविवारी मॅडमच्या अंगणात झाली. ॲम्प्लिफायरची अर्थिंगची वायर रंग दिलेल्या पत्र्यावर नुसत्या स्क्रूने दाबलेली होती. बॅटरीच्या टोकाला पांढरी बुरशी धरली होती. पॉवरची वायर बारीक. या तिन्ही जागी वीज अडत होती. सगळं मी केलं. रंग खरवडून पत्रा उघडा केला, टोकं घासली, जाड वायर टाकली. स्टुलावरून त्या फक्त म्हणत होत्या, "अजून घास. चमकलं पाह्यजे. तुह्या मनाचं समाधान नको, पत्र्याचं पाह्यजे." मग मीटर लावून चावी फिरवायला लावली. आकडा खाली गेला, सावरला, दिवा हिरवाच राहिला. मी उडीच मारली. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा. गरम इंजिनवर. अन् पुन्हा, उन्हात उभी करून." आणि शेवटी, "तरी चावी फिरवाच्या आधी घोषणा थांबवत जाजो. दम खाऊ द्याव तिले."

साहेबांनी चौकापुढच्या वस्त्यांसाठी त्या गावांत पुन्हा शिबिरं घेतली. नाचणगावात मी आवाज देत मागच्या मोहल्ल्यात शिरलो तेव्हा प्रफुल गाडीपुढे चालत होता आणि भोंगा चालू असूनही तोंडाने वेगळा ओरडत होता.

त्यानंतर मी सुट्टीला नाचणगावला जाऊ लागलो. जयंतीच्या मिरवणुकीआधी त्यांच्या अंगणात पोरांची रीघ लागायची. प्रत्येकाच्या गाडीवर भिंतीएवढे स्पीकर. "मॅडम, आनखी एक बॅटरी टाकू का?" मॅडम विचारायच्या, "लोकाइले आयकू जावं म्हनून, का शेजारच्या गाडीचं आयकू जाऊ नये म्हनून?" पोरं लाजायची, आणि तरी दुसरी बॅटरी टाकायची. मग मॅडम ती कशी जोडायची ते बारकाईने सांगायच्या. कोणाला हौस करू नको म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. वाईट जोडकाम मात्र त्या सहन करायच्या नाहीत.

मलाही त्यांनी सोडलं नाही. "नववीत काऊन सोडली" हे कधी विचारलं नाही. विचारलं, "केव्हा बसतं दहावीच्या परीक्षेले?" मी टाळत राहिलो. अजून टाळतो आहे, पण पुस्तकं आणली आहेत, हे इथे लिहितो म्हणजे मलाच लाज राहील.

हल्ली मॅडमना कमी ऐकू येतं. इतकी वर्षं वर्कशॉपच्या आवाजात गेली. एकटं कोणी समोर बसून बोललं तर सगळं कळतं. चार माणसं एकदम बोलली की त्या हसून मान हलवतात. मागे गेलो तेव्हा त्यांचा मुलगा नागपूरहून आला होता. चांगला आहे, आईची काळजी करतो. पण त्यांच्यासमोरच मला म्हणाला, "आईला आता काही समजत नाही हो. एक विचारलं तर दुसरंच सांगते." मॅडम मान हलवत होत्या. मी म्हटलं, कान तपासून घेतले का? तर म्हणाला, "वय झालं, त्यात काय तपासायचं." आणि मॅडमही म्हणाल्या, "म्हातारपन हाय बाबू, होते असं." मला ते फार लागलं. पाहिल्याशिवाय कोणत्याच वस्तूला बिघडली म्हणू न देणारी बाई स्वतःच्या बाबतीत इतक्या लवकर मानून गेली.

शेवटचं पाहिलं ते काही आठवड्यांपूर्वी. नाचणगावात शिबिराचा आवाज देत चाललो होतो. दुपार होती. मॅडम दारात बसल्या होत्या, पायाशी कोणाचातरी टेबल फॅन उलटा. समोर एक बाई उभी राहून हातवारे करून काहीतरी सांगत होती. मॅडमनी तिचा हात धरून तिला खाली, आपल्या तोंडासमोर बसवलं, आणि तिच्या ओठांकडे लक्ष देऊन ऐकू लागल्या. मी घोषणा थांबवली, खिडकीतून हाक मारली, "जयभीम मॅडम!" त्यांनी वर पाहिलं नाही. त्या बाईच्याच बोटाने फॅनचं पातं हळूच फिरवून घेत होत्या. मागून एक बैलगाडी येत होती, मला थांबता आलं नाही.

आमच्या साहेबांना मी विचारून ठेवलंय. शेजारच्याच दवाखान्यात कान तपासतात. थंडी संपायच्या आत एक दिवस सुट्टी काढीन, नाचणगावला जाईन, मॅडमना पुढच्या सीटवर बसवीन. त्यांच्या मुलालाही नागपूरहून बोलावीन आणि तपासणीच्या वेळी आत बसवीन, म्हणजे आईला काय समजतं ते तो स्वतः बघेल. त्या नको म्हणतील. मी ऐकणार नाही. मॅडम, हे मी तुमच्यासाठी करणार आहे, नक्की.